बत्तीस रुपयांचा आकार

१६ एप्रिल १९२१ या दिवशी रामनवमी होती. मुळशी पेट्यातले शेतकरी त्या दिवशी टाटा कंपनीच्या धरणाच्या कामावर जाऊन बसले आणि काम थांबले. सह्याद्रीच्या माथ्यावर पडणारे पाणी अडवायचे, ते घाटाखाली भिऱ्याला सोडून वीज करायची आणि ती मुंबईला न्यायची, अशी ती योजना होती. तिच्यात पन्नासेक गावे आणि आंबेमोहोर पिकवणारी भातखाचरे पाण्याखाली जाणार होती. पांडुरंग महादेव बापट यांना ज्या लढ्याने ‘सेनापती’ केले, तो हाच. ‘जान किंवा जमीन’ ही घोषणाही त्याचीच. लढ्यातले एक पुढारी विनायकराव भुस्कुटे यांनी त्याची हकिकत लिहून ठेवली आहे. प्रा. राजेंद्र व्होरा यांनी त्यावर अभ्यासग्रंथ सिद्ध केला आहे. तेव्हा सत्याग्रहाची कथा मी इथे पुन्हा सांगत नाही.

माझा प्रश्न त्या कथेच्या कडेचा आहे. त्या रामनवमीच्या जेमतेम पाच महिने आधी, नोव्हेंबर १९२० मध्ये, मुंबई इलाख्याच्या कायदे कौन्सिलची निवडणूक झाली होती. माँटेग्यू-चेम्सफर्ड सुधारणांनंतरची ती पहिलीच निवडणूक. मग धरणाच्या कामावर बसलेल्या त्या माणसांपैकी मताचा अधिकार कुणाला होता?

मी इतिहासाचा प्राध्यापक नाही. पौडला तहसील कचेरीच्या रस्त्यावर माझे झेरॉक्सचे दुकान आहे. सातबारा, आठ-अ, वारसनोंद, उत्पन्नाचा दाखला, मतदारयादीत नाव घालण्याचा सहा नंबरचा अर्ज, असले कागद दिवसभर माझ्या हाताखालून जातात. इतिहासाचे वाचन संध्याकाळी दुकान बंद केल्यावर. पण या विषयात दुकानाचा उपयोग ग्रंथालयाइतकाच झाला. कारण त्या काळी मत कुणाला, याचे उत्तर सातबाराच्या एका रकान्यात दडलेले होते. त्या रकान्याचे नाव ‘आकार’.

मत जमिनीचे होते

इंग्रजांनी रयतवारी मुलखात जमिनीची मोजणी करून प्रत्येक तुकड्यावर सारा ठरवला. त्या रकमेला आकार म्हणतात. आजच्या उताऱ्यावरही तो असतो. हजारो रुपये गुंठ्याने विकल्या जाणाऱ्या जमिनीपुढे दोन रुपये, सव्वातीन रुपये असा आकडा पाहून गिऱ्हाईक हसते. १९२० साली त्या आकड्याला हसण्यासारखी स्थिती नव्हती.

१९१९ च्या कायद्याखाली मुंबई इलाख्यासाठी मतदाराच्या अटी ठरल्या. ग्रामीण मतदारसंघात मत हवे असेल तर माणूस २१ वर्षे पूर्ण झालेला पुरुष असावा आणि त्याच्याकडे किमान ३२ रुपये आकाराची जमीन असावी. रत्नागिरी, पंचमहाल अशा थोड्या जिल्ह्यांत ही मर्यादा १६ रुपये होती. पुणे जिल्ह्याला ३२. याखेरीज प्राप्तिकर भरणाऱ्याला मत होते आणि लष्करातून निवृत्त झालेल्या शिपायालाही. सगळे दरवाजे मोजून इलाख्यातल्या दर शंभर माणसांत मतदार सुमारे तीन भरले.

३२ रुपये ऐकायला किरकोळ वाटतात. पण मावळातली जमीन समोर ठेवा. भाताची खाचरे लहान असतात आणि ओढ्याच्या काठाने चिंचोळी पसरतात. बाकीची जमीन डोंगरउताराची, वरकस. तिथे नाचणी, वरी पिकते आणि पुढची काही वर्षे रान पडीक टाकावे लागते. अशा जमिनीचा आकार आण्यांत असतो. देशावरच्या काळ्या जमिनीचा एखादा मोठा खातेदार जी मर्यादा सहज ओलांडी, ती गाठायला मावळातल्या कुणब्याला डोंगरच्या डोंगर नावावर हवा होता.

हिशेब घरच्या कागदावरून करून पाहिला. आमचे घर पौडच्या अलीकडचे, धरणाच्या पाण्याबाहेरचे. माझ्या आठ-अ उताऱ्यावर सगळ्या गटांचा मिळून आकार ११ रुपये ४० पैसे आहे. वाटण्या होण्यापूर्वीचे घर धरून चुलत्यांची खाती त्यात मिळवली, तर बेरीज २३ रुपयांच्या पुढेमागे जाते. म्हणजे पणजोबांचे सगळे शेत एकत्र केले तरी बत्तिशी भरत नाही. आमचे घर गावात खाऊनपिऊन सुखी गणले जाई. १९२० साली त्या घरातले मतदार शून्य.

मुळशीच्या बुडणाऱ्या खोऱ्यात आणखी एक गुंता होता. बऱ्याच जमिनी गहाणापोटी पुण्याच्या सावकारांकडे गेलेल्या होत्या. कसणारा मावळा आणि कागदावरचा मालक निराळे. लढ्यात हे दोघे एका बाजूचे दिसले, पण त्यांचे हित एक नव्हते. सावकाराला जमिनीचा चांगला मोबदला मिळाला तर धरणाशी त्याचे भांडण उरत नव्हते. मावळ्याला मोबदला मिळून उपयोग नव्हता, कारण पैसा हातात आला तरी तो कर्जातच जाणार होता आणि त्याला भात पिकवण्याखेरीज दुसरे काही येत नव्हते. मताचा नियम लावला तर या दोघांपैकी मतदार होण्याची शक्यता पुण्यात बसलेल्या सावकाराची अधिक होती.

आता दुसरी बाजू पाहू. १९१९ च्या व्यवस्थेत सर्वसाधारण मतदारसंघांखेरीज काही खास मतदारसंघ होते. दख्खनचे सरदार-इनामदार, विद्यापीठाचे पदवीधर, व्यापाऱ्यांची मंडळे यांना कौन्सिलवर आपापला माणूस पाठवता येई. मुंबईच्या गिरणीमालक संघालाही स्वतःची जागा होती. धरणाची वीज मुंबईच्या गिरण्यांना हवी होती. म्हणजे वीज घेणाऱ्यांच्या संघटनेला कौन्सिलात खुर्ची आणि पाण्याखाली जाणाऱ्या खोऱ्याला बहुतेक मतही नाही, असा तो कारभार होता. त्याच गिरण्यांत राबणाऱ्या कामगारांसाठी निवडणूक नव्हती. त्यांच्या वतीने बोलायला सरकार एखादा सभासद नेमत असे.

या रचनेत एक क्रूर गंमत आहे. मत जमिनीच्या आकाराला चिकटलेले होते आणि १८९४ च्या भूसंपादन कायद्याने सरकार कंपनीसाठी जमीनच काढून घेत होते. खोऱ्यात ज्या मोजक्या खातेदारांचा आकार ३२ रुपये भरत असेल, त्यांचे शेत गेले की आकार गेला, आणि आकार गेला की मत गेले. ज्या निर्णयाविरुद्ध मत वापरायचे, तोच निर्णय मत हिरावून नेई.

मत असते तरी?

मत असते तर धरण थांबले असते काय? याचे उत्तर ‘नाही’ असे द्यावे लागते. १९१९ च्या कायद्याने प्रांताचा कारभार दोन भागांत वाटला होता. शिक्षण, आरोग्य, स्थानिक स्वराज्य ही ‘सोपीव’ खाती मंत्र्यांकडे, आणि पोलीस, जमीनमहसूल, पाटबंधारे ही ‘राखीव’ खाती गव्हर्नरच्या कार्यकारी मंडळाकडे. महसुलाच्या खात्यात निवडून आलेल्या सभासदांना प्रश्न विचारता येत, ठराव मांडता येत. निर्णय मात्र त्यांच्या हाती नव्हता.

शिवाय काँग्रेसने असहकाराच्या कार्यक्रमात १९२० च्या निवडणुकीवर बहिष्कार घातला होता. ज्यांच्याकडे मत होते त्यांनीही ते वापरू नये, असे राष्ट्रीय वृत्तीच्या माणसाला सांगितले जात होते. म्हणून मुळशीच्या माणसांनी मतपेटीऐवजी धरणाच्या पायावर जागा धरली, यात नवल नाही. अटका झाल्या, शिक्षा झाल्या, तुरुंग भरले. १९२४ च्या अखेरीस बापटांनी सशस्त्र प्रतिकाराचा मार्ग धरला आणि त्यांना सात वर्षांची शिक्षा झाली. धरण उभे राहिले.

असे असताना मताचा प्रश्न गौण नाही का, असे मला एका मित्राने विचारले. मला तसे वाटत नाही. मताने एक धरण थांबत नाही हे खरे. पण सरकारच्या कागदावर माणूस मोजला जातो की नाही, हे मताने ठरते. १९२१ च्या मुळशीत जमीन मोजली गेली, झाडे मोजली गेली, मोबदल्यासाठी घरेही मोजली गेली. मत देणारा म्हणून माणूस मोजला गेला नाही. मताच्या अधिकाराचा पुढचा सगळा इतिहास मला या मोजणीचा इतिहास वाटतो. मत एकेका वस्तूला चिकटलेले होते, आणि ते एकेका वस्तूपासून सुटत गेले.

बाईचे मत

पहिली सुटका त्याच वर्षी झाली. १९१७ साली सरोजिनी नायडू आणि इतर स्त्रियांच्या शिष्टमंडळाने माँटेग्यूसाहेबांना भेटून स्त्रियांना मत मागितले होते. १९१९ च्या कायद्याने स्वतः ते दिले नाही. प्रांतिक कौन्सिलांना वाटल्यास त्यांनी स्त्री-पुरुषांमधली ही अट काढावी, असे म्हणून जबाबदारी ढकलली. मद्रासने १९२१ साली ती काढली. जुलै १९२१ मध्ये मुंबईच्या कौन्सिलनेही काढली. मुळशीचा सत्याग्रह सुरू होऊन तेव्हा तीन महिने झाले होते, आणि त्या लढ्यात मावळातल्या बायाही उतरलेल्या होत्या.

मुंबईचा हा ठराव जगाच्या मानाने मागासलेला नव्हता. न्यूझीलंडने स्त्रियांना १८९३ साली मत दिले होते. खुद्द इंग्लंडने १९१८ साली दिले, पण तीस वर्षांवरील आणि काही मालमत्तेची अट पुरी करणाऱ्या स्त्रियांना. पुरुषांच्या बरोबरीचे मत तिथे १९२८ साली आले. फ्रान्सने १९४४ पर्यंत थांबवले आणि स्वित्झर्लंडच्या बायांना देशाच्या निवडणुकीत १९७१ साली मत मिळाले.

पण मुंबईच्या ठरावाने मत फक्त पुरुषपणापासून सुटले. आकारापासून सुटले नाही. बाईला मत हवे तर तिच्या स्वतःच्या नावावर ३२ रुपयांची जमीन हवी. मावळात खाचरात वाकून लावणी करणारी बाई आणि सातबारावर नाव असलेली बाई यांची गाठ त्या काळी क्वचितच पडे. आजही माझ्या दुकानात वारसनोंदीचे अर्ज येतात, तेव्हा बहिणीचे हक्कसोडपत्र बहुधा जोडलेलेच असते. कायद्याने दार उघडले तरी उंबऱ्यावर जमीन आडवी पडलेली होती.

आंबेडकरांचा आग्रह

मत जमिनीपासून सोडवण्याची मागणी ज्यांनी सर्वांत सातत्याने लावून धरली त्यांत डॉ. बाबासाहेब आंबेडकर अग्रभागी होते. जानेवारी १९१९ मध्ये मताधिकाराची चौकशी करणाऱ्या साउथबरो समितीपुढे त्यांनी साक्ष दिली. महर्षी विठ्ठल रामजी शिंदे यांचीही साक्ष त्या समितीपुढे झाली. बाबासाहेबांचा मुद्दा असा की मालमत्तेची अट सगळ्यांना सारखी दिसते, पण ज्याला धर्माने आणि रूढीने मालमत्ता करूच दिली नाही त्याला ती सारखी लागू होत नाही. अस्पृश्यांसाठी अट खाली आणा, म्हणजे ते मतदार होतील, असे त्यांचे म्हणणे होते.

१९२८ साली सायमन कमिशन पुण्यात आले. २३ ऑक्टोबरला बाबासाहेबांची तिथे साक्ष झाली. या वेळी मागणी पुढे गेली होती. आता त्यांनी सगळ्या प्रौढांना मत मागितले. निरक्षर माणसाला मत कसे द्यायचे, हा त्या काळी सभ्य समजला जाणारा आक्षेप होता. त्याला त्यांनी १९२९ च्या आपल्या स्वतंत्र अहवालात उत्तर दिले. अक्षरे येत नाहीत म्हणून माणसाला आपले हित कळत नाही, हे त्यांना मान्य नव्हते. मुळशीच्या मावळ्याला अक्षरे येत नव्हती, पण धरण झाले तर आपले काय होणार हे त्याला इलाख्यातल्या कित्येक पदवीधरांच्या आधी कळले होते. आंबेडकरांच्या युक्तिवादाला याहून चांगला दाखला शोधायला नको.

१९२८ च्या नेहरू अहवालानेही प्रौढ मताधिकार मान्य केला आणि १९३१ साली काँग्रेसच्या कराची अधिवेशनाने त्याचा ठराव केला. १९३२ च्या सप्टेंबरमध्ये येरवड्याच्या तुरुंगात पुणे करार झाला. स्वतंत्र मतदारसंघांऐवजी राखीव जागा ठरल्या. देशभरात १४८, त्यांपैकी मुंबई प्रांताला १५. करार कुणाच्या बाजूने झुकला यावर आजही वाद होतात. पण प्रतिनिधी निवडण्याचा प्रश्न अस्पृश्य समाजाला वगळून सोडवता येणार नाही, हे त्यानंतर कुणाला नाकारता आले नाही.

बत्तीसचे आठ

१९३५ च्या कायद्याने मुंबई प्रांतात ३२ रुपयांची अट ८ रुपयांवर आणली. मॅट्रिक झालेल्याला मत मिळाले. स्त्रियांसाठी साक्षरतेची सवलत आली, आणि ठरावीक मिळकत असलेल्या पुरुषाच्या पत्नीला त्या नात्याने मत मिळाले. अनुसूचित जातींसाठीही अटी सैल झाल्या. देशात मतदार तीन कोटींच्या वर गेले. फेब्रुवारी १९३७ मध्ये निवडणूक झाली, पुढे बाळ गंगाधर खेर मुंबई प्रांताचे मुख्यमंत्री झाले, आणि स्वतंत्र मजूर पक्षाच्या वतीने बाबासाहेबांनी त्याच सभागृहात खोती नष्ट करण्याचे विधेयक मांडले. मताची अट खाली आली की सभागृहातले प्रश्न बदलतात, याचा हा पहिला अनुभव.

घरचा हिशेब पुन्हा लावतो. आकार तेवीस, अट आठ. १९३७ साली आमच्या घरात मतदार एक : खातेदार म्हणून नाव असलेले पणजोबा. त्यांचे भाऊ, त्यांचे मुलगे, सगळे त्याच शेतात राबत होते, पण खात्यावर नाव एकाचे. पणजीला नवऱ्याच्या नात्याने मत मिळण्याइतकी ती मिळकत मोठी नव्हती. आणि घरचा गडी, ज्याच्या बळावर निम्मी लावणी व्हायची, त्याच्या नावावर एक गुंठाही नव्हता.

तीन मैलांवरच्या माणसाचे नशीब आणखी वेगळे असू शकत होते. शेजारी भोर संस्थान होते. संस्थानी प्रजेला मुंबईच्या विधिमंडळाचे मत नव्हतेच. सरहद्दीच्या एका अंगाला आकार मोजून मत, दुसऱ्या अंगाला राजाच्या मर्जीवर कारभार. ही सरहद्द ८ मार्च १९४८ रोजी दक्षिणेतली संस्थाने मुंबई राज्यात विलीन झाली तेव्हा मिटली.

‘अमक्याची आई’

मग ते घडले ज्याची आता सवय झाल्यामुळे नवल वाटत नाही. ज्या घटना समितीने प्रौढ मताधिकार लिहिला, ती स्वतः १९४६ च्या मर्यादित मताधिकारातून निवडून आलेल्या प्रांतिक सभागृहांनी निवडलेली होती. मूठभरांच्या मतांतून आलेल्या माणसांनी सगळ्यांना मत देऊन टाकले. घटनेच्या ३२६ व्या कलमात आकार नाही, सारा नाही, शाळा नाही, नवरा नाही. २१ वर्षांचे वय आणि नागरिकत्व, एवढेच.

कलम लिहिणे सोपे होते. याद्या करणे कठीण. १७ कोटी ३२ लाख मतदारांची नावे, घरोघर जाऊन, हाताने लिहून. १९५१ च्या खानेसुमारीत साक्षरता शंभरात अठराच्या आसपास. सुकुमार सेन हे पहिले मुख्य निवडणूक आयुक्त. त्यांच्यापुढे एक विचित्र अडचण आली. उत्तरेकडच्या कित्येक प्रांतांत बायका परक्या माणसाला आपले नाव सांगेनात. ‘अमक्याची आई’, ‘तमक्याची बायको’ अशा नोंदी झाल्या. सेन यांनी खरे नाव द्या असा आग्रह धरला आणि ते न मिळाल्याने सुमारे २८ लाख स्त्रियांची नावे यादीतून गळली. त्या वेळी टीका झाली. पण पुढच्या निवडणुकीपर्यंत बायकांनी नावे सांगायला सुरुवात केली. मत नवऱ्याच्या नात्यापासून सुटले ते असे.

आपल्याकडे इतकी अडचण नव्हती, तरी संकोच होताच. माझी आजी सांगायची की यादी करायला आलेल्या मास्तरांनी नाव विचारले तेव्हा ती दाराआड गेली आणि सासूने तिचे नाव सांगितले. पण ते माहेरचे निघाले. सासरी ठेवलेले नाव कोणते आणि कागदावर कोणते घालायचे, यावर घरात अर्धा तास खल झाला. शेवटी आजीनेच आतून ओरडून नाव सांगितले. परक्या पुरुषाने तिचे नाव लिहून घेतले, ती पहिली वेळ. जन्माची नोंद नव्हती, शाळा नव्हती, सातबारा नव्हता. सरकारदरबारी तिचे नाव आधी मतदार म्हणून आले, बाकी सगळे मागाहून.

१९५२ च्या सुरुवातीला मतदान झाले. तेव्हा प्रत्येक उमेदवाराची पेटी वेगळी असे आणि तिच्यावर चिन्ह. शिक्का मारायचा नसे. मतपत्रिका हव्या त्या पेटीत टाकायची. वाचता न येणाऱ्यासाठी ही सोय होती. त्यासाठीच्या लाखो पोलादी पेट्यांतल्या पुष्कळशा मुंबईत विक्रोळीच्या गोदरेज कारखान्यात बनल्या. आजीला काँग्रेसची बैलजोडी चांगली आठवत होती, मत कुणाला दिले हे मात्र तिने अखेरपर्यंत आजोबांना सांगितले नाही.

१९५२ साली आमच्या घरात मतदार सात झाले, त्यांत बाया तीन. आठवे मत घरच्या गड्याचे. पणजोबांचे मत आणि त्याचे मत एकाच मोलाचे. शून्य, एक, आठ. बत्तीस वर्षांत एका ओसरीवर एवढा पल्ला गाठला गेला. अमेरिकेच्या दक्षिणेतल्या काळ्या माणसाला मताचा हक्क प्रत्यक्षात बजावता यावा म्हणून तिथे १९६५ साली कायदा करावा लागला, हे शेजारी ठेवले म्हणजे या पल्ल्याची लांबी कळते.

गावातले मत

पुढची पावले लहान, पण घराजवळची. ग्रामपंचायतीत स्त्रियांना जागा देण्याचे १९५८ च्या कायद्याने ठरले. १९६३ साली आपल्याच जिल्ह्यात, बारामती तालुक्यातल्या निंबुत गावाने सगळी पंचायत स्त्रियांची निवडली. १९८९ साली मताचे वय २१ वरून १८ वर आले. १९९३ पासून ७३ व्या घटनादुरुस्तीने पंचायतींत एक तृतीयांश जागा स्त्रियांना मिळाल्या आणि २०११ मध्ये महाराष्ट्राने त्या निम्म्या केल्या. लोकसभा-विधानसभेतल्या स्त्रियांच्या आरक्षणाची दुरुस्ती २०२३ साली झाली, ती जनगणना आणि फेररचना यांच्यानंतर लागू व्हायची आहे.

मात्र मत देणे आणि मत मागणे यांत आता नवे अंतर पडले आहे. २००१ नंतर तिसरे मूल झालेल्याला महाराष्ट्रात पंचायतीची निवडणूक लढवता येत नाही. सरपंच थेट निवडण्याची पद्धत २०१७ साली आली तेव्हा १९९५ पासून पुढे जन्मलेल्या उमेदवाराला सातवी पासची अट लागली. हेतू चांगला असेल. पण अक्षरांची अट मतदाराच्या दारातून काढली आणि उमेदवाराच्या दारातून आत घेतली, हे नोंदवून ठेवले पाहिजे. सायमन कमिशनपुढचा जुना वाद अजून पुरता संपलेला नाही.

संमती कुणाची

आता धरणाकडे परत यायला हवे. सगळ्यांना मत मिळाल्यावरही महाराष्ट्रात धरणे झाली आणि माणसे उठली. कोयना, पानशेत, पवना, वरसगाव. मताने विस्थापन थांबले नाही. पण फरक पडला. मुळशीच्या वेळी पुनर्वसन हा सरकारच्या मर्जीचा मामला होता. १९७६ साली महाराष्ट्राने प्रकल्पग्रस्तांच्या पुनर्वसनाचा कायदा केला आणि १९८६ साली तो नव्याने केला. धरणग्रस्तांनी मोर्चे काढले म्हणून तो झाला, आणि मोर्चातल्या प्रत्येक माणसाला मत होते म्हणून तो सरकारने मनावर घेतला. दोन्ही कारणे मिळून एक कारण होते.

मुळशीची जमीन ज्या कायद्याने घेतली तो १८९४ चा भूसंपादन कायदा मात्र १ जानेवारी २०१४ पर्यंत जिवंत होता. त्याच्या जागी आलेल्या २०१३ च्या कायद्यात मुळशीकरांनी शंभर वर्षांपूर्वी मागितलेली गोष्ट पहिल्यांदा लिहिली गेली : संमती. खासगी कंपनीसाठी जमीन घ्यायची असेल तर बाधित कुटुंबांपैकी ८० टक्क्यांची आधी संमती हवी. सरकार आणि खासगी भागीदारीच्या प्रकल्पाला ७० टक्क्यांची.

मी तो कायदा आनंदाने वाचायला घेतला आणि एका कलमाशी थांबलो. ‘बाधित कुटुंब’ या व्याख्येत शेतमजूर येतात, कुळे येतात, रानावर आणि पाण्यावर जगणारे येतात. पुनर्वसनासाठी ते बाधितच. पण ही ८० टक्के संमती मोजताना त्या व्याख्येतली दोनच पोटकलमे धरायची आहेत : ज्यांची स्वतःची जमीन जाते ती कुटुंबे, आणि ज्यांना सरकारने जमीन दिलेली आहे ती. गड्याचे मत पुन्हा मोजणीबाहेर. विधानसभेला त्याचे मत पणजोबांइतकेच, पण गाव राहणार की जाणार या प्रश्नावर मत पुन्हा सातबाराला चिकटलेले. ३२ रुपयांची अट ज्या तर्काने लावली होती, तो तर्क असा हळूच परत येतो.

पत्ता

आणि एक वस्तू अशी आहे की जिच्यापासून मत आजवर कधीच सुटले नाही. ती म्हणजे राहण्याची जागा. मतदार होण्यासाठी माणूस त्या मतदारसंघात ‘सर्वसाधारणपणे राहणारा’ हवा. नियम रास्त आहे, त्याशिवाय यादी करता येणार नाही. पण मुळशी तालुक्याची आजची वस्ती या नियमाला दोन्ही टोकांनी ताण देते.

एका टोकाला हिंजवडी. देशभरातून आलेली तरुण मंडळी तिथे भाड्याच्या घरात वर्षानुवर्षे राहतात, पाणी-रस्त्याबद्दल तक्रार करतात, आणि मतदानाला गावी जातात किंवा जातच नाहीत. त्यांनी पत्ता बदलण्याचा आठ नंबरचा अर्ज भरला की काम होते. दुसऱ्या टोकाला कातकरी. दिवाळी झाली की वीटभट्टीला निघायचे आणि पावसाच्या तोंडाला परतायचे, असे त्यांचे वर्ष. घर ज्या जागेवर आहे ती जागा दुसऱ्याच्या नावावर. यादीची तपासणी होते तेव्हा दाराला कूड लावलेला आणि माणूस भट्टीवर. ‘आढळून आले नाहीत’ असा शेरा पडायला एवढे पुरते. ते राहतात कुठे, याचे खरे उत्तर ‘इथेच’ असे आहे. पण ते सिद्ध करायला लाइटबिल लागते.

म्हणून हल्ली दिवाळीच्या आधी, वस्त्या उठण्यापूर्वी, मी दोन-तीन रविवार छापील अर्ज घेऊन कातकरवाड्यांत जातो. त्यात उपकार काही नाही. हा इतिहास वाचल्यावर मला जे करता येण्यासारखे वाटले, ते इतकेच होते. ज्याच्या घराला नंबर नाही त्याच्या अर्जात काय लिहायचे, असा प्रश्न पडतो. उपाय साधा आहे : वाडीचे नाव, जवळची खूण, शेजारच्या मतदाराचे नाव, आणि यादी करणाऱ्या कर्मचाऱ्याने प्रत्यक्ष येऊन केलेली खात्री. वेळ लागतो, पण नावे लागतात. आकाराचा रकाना त्या अर्जावर कुठेच नाही. पत्त्याचा आहे, आणि तो कसा भरायचा हे आपल्या हातात आहे.